बँडबाहेरची बासरी

अमरावतीत कॅम्प भागातल्या एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये आमच्या बँडच्या तालमी चालायच्या. त्याच गॅरेजमध्ये एका बुधवारी दुपारी मला बँडमधून काढलं.

काढलं म्हणजे कोणी ओरडलं नाही, भांडलं नाही. आमचा गिटारवाला बँडचा म्होरक्या होता, गाणी तोच बांधायचा. त्याने नवा कीबोर्ड आणला होता. मी पोचले तेव्हा त्याने एक कळ दाबून दाखवली आणि त्यातून बासरी वाजली. बऱ्यापैकी वाजली, ते मान्य करायला हवं. मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "पुण्याले रेकॉर्डिंगले आमी चौघंच जाऊन राह्यलो. बासरी आता याच्यातच येते. वाईट नको वाटून घेऊ."

"कोणी ठरवलं?" मी विचारलं.

"आमी सगळ्यांनी."

बाकीचे तिघं केबली गुंडाळत होते. वर कोणी बघितलं नाही. चार वर्षं मी त्या सगळ्यांतली एक होते, आणि त्या दिवशी त्या शब्दात मला जागा नव्हती. मी माझ्या धातूच्या बासरीचे तीन तुकडे सोडवले, एकेक पुसला, पेटीत ठेवले आणि बसस्टँडवर आले. अकोल्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. मूर्तिजापूरपर्यंत रडले. मूर्तिजापूरनंतर राग आला. घरी पोचले तेव्हा माय झेंडूच्या राशीजवळ बसून हार ओवत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सुई-दोरा माझ्या हातात दिला. आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी लग्नाच्या गाडीच्या माळा पुऱ्या केल्या.

आम्ही फुलांची शेती करणारे. पातूर रस्त्याला आमचं शेत आहे. झेंडू, शेवंती, निशिगंध, थोडा गुलाब. बाबा पहाटे माल घेऊन अकोल्याला जायचे आणि लगनसराईत मी शाळेच्या आधी त्यांच्याबरोबर जायचे. जुन्या शहरात एका बँडवाल्याचं दुकान होतं. वरातीच्या गाड्या सजवायला फुलं तिथेच उतरवावी लागत. त्या बँडचे मास्तर क्लॅरिनेट वाजवत. सगळं जुनं शहर त्यांना चाचा म्हणायचं, मीही तेच म्हणायला लागले. मी तेरा वर्षांची असताना त्यांच्या दुकानातल्या फळीवर मला एक काळी पेटी दिसली. उघडून पाहिली तर आत चांदीसारखी लखलखणारी आडवी बासरी, अंगावर भोकांऐवजी छोटी छोटी झाकणं. चाचांच्या उस्तादांनी ती कोणा रेल्वेच्या साहेबाकडून घेतली होती आणि मग ती चाचांकडे आली होती.

मी विचारलं, ही कशी वाजते. चाचांनी दाखवलं. मी फुंकली, नुसता वारा निघाला. पुन्हा फुंकली, पुन्हा वारा. फुलांच्या टोपल्या रिकाम्या होऊन बाबा हाका मारायला लागले तरी मी फुंकतच होते. तेव्हा चाचा म्हणाले की रोज ये, शिकवतो. पुढची पाच वर्षं मी रोज गेले. त्यांनी मला कागदावरचं काही शिकवलं नाही. श्वास शिकवला. गालात हवा धरायची, ती सोडता सोडता नाकाने नवी घ्यायची आणि सूर तुटू द्यायचा नाही. त्यासाठी ते पाण्याच्या ग्लासात नळी घालून बुडबुडे काढायला लावत. बुडबुडे थांबले की डोक्यात टपली.

कॉलेजला अमरावतीला गेले आणि तिथे या चौघांची गाठ पडली. ते प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवायचे. आमच्या भागात हा शब्द कोणाला माहीत नव्हता, मलाही नव्हता. गिटारवाल्याने समजावलं ते असं: गाणं वीस मिनिटांचं असलं तरी चालतं, मध्येच ताल बदलला तरी चालतो, चार मात्रांवरून सातावर, सातावरून अकरावर गेलं तरी चालतं, फक्त ऐकणाऱ्याला आपण कुठेतरी निघालो आहोत असं वाटलं पाहिजे. मला ते इतकं पटलं की मी त्या दिवसापासून त्यांच्यातली झाले. गॅदरिंगांमध्ये आम्ही वाजवलं, नागपूरला वाजवलं. ड्रमच्या दणक्यात बासरी ऐकू यावी म्हणून मी फुंकता फुंकता गळ्यातून आवाज काढायला शिकले. त्याने सूर खरबरीत होतो, एकदम अंगावर येतो. लोकांना आमच्या बँडमधलं तेच लक्षात राहायचं. पोस्टरवर मात्र गाणी गिटारवाल्याची असत. बासरीच्या जागा मी बसवलेल्या होत्या, हे मला स्वतःलासुद्धा कधी ठसठशीतपणे वाटलं नव्हतं.

तर मी घरी परत आले आणि चार महिने पेटी उघडली नाही. कामाला लागले. बाबांच्या गुडघ्यांनी तेव्हा नुकतीच कुरकुर सुरू केली होती, म्हणून शहरातली सजावटीची कामं मी अंगावर घेतली. मंगल कार्यालयं, सभागृहं, पुतळ्यांचे हार. माझा हात चांगला होता. अकोल्यात आणि अमरावतीत लोक मला नावाने कमी, फुलंवाली म्हणून जास्त ओळखायला लागले.

आणि मग दर्यापूरहून एका प्राध्यापिकेचा फोन आला. त्यांनी आम्हाला अमरावतीला ऐकलं होतं. त्यांच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला बँड हवा होता. मी सांगितलं, बँड पुण्याला गेला, मी त्यात नाही. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही एकट्याच या की. मला बासरीच आठवते आहे."

मी हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की एकटीने वाजवायला माझ्याजवळ एक ओळसुद्धा नाही.

तीन आठवडे हातात होते. पायाने दाबायचं एक मशीन मागवलं. आपण वाजवलेला तुकडा ते धरून ठेवतं आणि पुन्हा पुन्हा वाजवतं, त्यावर आपण दुसरा तुकडा चढवायचा, मग तिसरा. त्याला लूप मशीन म्हणतात. शेतातल्या खोलीत मी ते घेऊन बसायचे. पहिल्यांदाच मी दुसऱ्याच्या गाण्यात जागा शोधत नव्हते. सात मात्रांचा एक तुकडा बसवला, त्यावर दुसरा, आणि अर्ध्या तासाचं काहीतरी उभं राहिलं. बाबा दाराशी येऊन ऐकून जायचे. एकदा म्हणाले की हे संपते कोठी ते समजत नाही, पण उठून जावंसं वाटत नाही.

दर्यापूरला पेटी आणि मशीन मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमधून गेले. दुपारचा कार्यक्रम, कापडी मांडव, समोर पाचसातशे पोरं-पोरी. मी मशीन लावलं, पहिला तुकडा वाजवला, तो फिरायला लागला, दुसरा चढवला. पोरं चुळबुळत होती. मागून कोणी एका सिनेमाच्या गाण्याची फर्माईश केली, हशा झाला. मी तिसरा तुकडा सुरू करणार एवढ्यात लाईट गेली.

पंखे थांबले, माईक गेला, मशीन गेलं. मांडवात नुसता कल्ला. मी मंचावर उभी, हातात बासरी, आणि मला स्वच्छ कळलं की आता खाली मान घालून उतरले तर पुन्हा कधी मंचावर चढणार नाही. मी चपला काढल्या, पायऱ्या उतरले आणि सरळ पोरांच्या मधल्या वाटेत जाऊन उभी राहिले. चाचांनी शिकवलेला श्वास भरला आणि फुंकायला लागले, गळ्यातून आवाज काढत, टाचेने सात मात्रांचा ताल धरत. जवळचे गप्प झाले. मग त्यांच्या मागचे. मी चालत चालत मांडवाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि सूर तुटू दिला नाही. शेवटच्या रांगेतल्या मुली बघायला मिळावं म्हणून बाकांवर चढल्या. मध्येच लाईट आली, पंखे फिरले. साऊंडवाला माईक घेऊन धावत यायला लागला तर प्राध्यापिकाबाईंनी त्याला हातानेच जागेवर बसवलं.

संपलं तेव्हा जे झालं ते मी बँडमध्ये चार वर्षांत ऐकलं नव्हतं. चारही बाजूंनी टाळ्या, आणि मी त्यांच्या मधोमध.

मांडवातून निघताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे कोनाचं गानं हाय?"

"माझं," मी म्हणाले. हा शब्द तोंडातून निघायला मला बावीस वर्षं लागली होती.

तिथून माझं एकटीचं वाजवणं सुरू झालं. ते काही धडाधड वर गेलं नाही. यवतमाळ, खामगाव, बुलढाणा, कुठे ग्रंथालयात, कुठे शाळेच्या पटांगणात. एका रिसेप्शनला बोलावलं तिथे अर्ध्यात एक गृहस्थ प्लेट घेऊन आले आणि म्हणाले, जरा हळू वाजवा, जेवताना बोलता येत नाही. मी तिथेच पेटी बंद केली आणि त्यांना सांगितलं की आता निवांत बोला. माय नंतर म्हणाली की हे बरं केलं. कोणी फुलं पायाखाली घेत असेल तर आपण हारसुद्धा परत आणतो.

तीन वर्षांत एक मोठी रचना तयार झाली. चाळीस मिनिटांची, चार भागांची. मला ती रेकॉर्ड करायची होती. अकोल्यातल्या एका छोट्या स्टुडिओत जाऊन पाहिलं, तर सगळ्या भिंतींना गादी लावलेली; बासरी कोंबून ठेवल्यासारखी वाटत होती. मी दर्यापूरच्या बाईंकडे रडगाणं गायलं. त्या म्हणाल्या, आमच्या बहिणीची जिनिंग आहे, उन्हाळ्यात रिकामीच असते, येऊन वाजवून बघ.

जिनिंगचं ते गोदाम मी विसरणार नाही. हंगामात तिथे छतापर्यंत कापूस असतो. एप्रिलमध्ये नुसती फरशी, वर उंच पत्रे, कोपऱ्यांत थोडी सरकी. मी मधोमध उभी राहून एक सूर सोडला आणि तो पत्र्यापर्यंत जाऊन सावकाश खाली आला. मी हसायलाच लागले. अकोल्यात लग्नाचं शूटिंग करणारा एक जण आवाज पकडण्यात तरबेज होता, त्याला घेऊन गेले. ऊन चढलं की बासरीचा सूर चढतो आणि पत्रे तडतडायला लागतात, म्हणून आम्ही उजाडता उजाडता सुरू करायचो आणि साडेआठला थांबायचो. अशा नऊ सकाळी गेल्या. आढ्यावर पारवे होते. पहिले दोन दिवस आम्ही त्यांना हाकलायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सोडून दिलं, आणि ते तिसऱ्या भागात जागोजागी घुमत राहिले.

ती रचना मी इंटरनेटवर टाकली. दोन महिने कोणी फिरकलं नाही. मग कुठून कसं कोण जाणे, या संगीताच्या परदेशी वेड्यांच्या एका गटात ती पोचली. पत्रं यायला लागली. फिनलंडच्या एका माणसाने मोठ्या अदबीने विचारलं की तिसऱ्या भागातल्या पक्ष्यांचा आवाज आपण कोणत्या यंत्रावर काढलात. मी त्याला लिहिलं की पक्षी आधीपासून तिथेच राहतात, यंत्र मी नेलं होतं. त्याने ते पत्र त्यांच्या रेडिओवर वाचून दाखवलं आणि चाळीसची चाळीस मिनिटं लावली. मी ते आमच्या शेतात, विहिरीच्या काठावर बसून फोनवर ऐकलं. बाबा, माय आणि फुलं तोडणाऱ्या दोन बाया माझ्या बाजूला. तिकडची भाषा कोणालाच कळत नव्हती, पण निवेदकाने अकोला म्हटलेलं सगळ्यांना कळलं.

त्याच आठवड्यात गिटारवाल्याचा निरोप आला. पुण्यात त्यांचं रेकॉर्डिंग झालंच नव्हतं, बँड वर्षभरात विस्कटला होता, तो आता अमरावतीत परत येऊन एका कंपनीचं काम घरून करत होता. निरोपात एवढंच होतं: "ऐकलं. चार वेळा ऐकलं."

चाचांना मी दुकानात जाऊन ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले. चौथ्या भागाला, जिथे अकरा मात्रांचा ताल सुरू होतो, तिथे त्यांनी डोळे उघडले आणि फोन थांबवायला लावला.

"बेटा, इथं तू एकटी काहून हायेस?" ते म्हणाले. "इथं बाजा पायजे. पूर्ण बाजा."

मी आधी हसले. मग रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं, आणि सकाळी फुलांच्या टोपल्या उतरवतानाच मी त्यांना म्हणाले, चाचा, वाजवता का मग?

लगनसराई संपली होती, बँडला काम नव्हतं. अकरा जण जमले: क्लॅरिनेट, ट्रम्पेट, मोठे बाजे, ढोल आणि ताशा. अकरा माणसं आणि अकरा मात्रा, पण दोघांचं काही जमेना. आयुष्यभर वरातीच्या चालीवर वाजवलेली माणसं, आठ झाले की आपोआप सम धरायची. ट्रम्पेटवाला वैतागून म्हणाला की या तालावर घोडी पाय मोडून घेईल. चार दिवस नुसता गोंधळ. पाचव्या दिवशी ताशावाले बुवा, सगळ्यांत वयस्क आणि सगळ्यांत कमी बोलणारे, समोरच्या भाजीवाल्याचं ओरडणं ऐकत बसले होते. त्यांनी एकदम काड्या उचलल्या आणि वाजवत वाजवत म्हणाले, "लिंबू-मिरची, लिंबू-मिरची, सां-बा-र. लिंबू-मिरची, लिंबू-मिरची, सां-बा-र." आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. चार, चार आणि तीन, बरोबर अकरा. दहा मिनिटांत सगळी गल्ली त्यात होती. भाजीवालाही.

आता हे वाजवायचं तर सभागृह पाहिजे. अमरावतीतल्या एका मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना मी चांगली ओळखत होते. त्यांच्या मंचाची सजावट तीन-चार वर्षं माझ्याकडे होती. मी गेले तशी त्यांनी डायरी उघडली.

"सजावट कोणत्या तारखेची?"

"तारीखच पायजे होती. कार्यक्रम हाय."

"कोणाचा?"

"माझा."

त्यांनी चष्मा काढला. मग सगळं विचारलं: काय वाजवता, बरोबर कोण, किती माणसं येतील. वरातीचा बँड ऐकून त्यांचा चेहरा उतरला. शेवटी म्हणाले की संध्याकाळी देता येणार नाही, संध्याकाळी नाटकं आणि मोठे कलाकार असतात, रविवार सकाळ मोकळी आहे, दहा ते एक. मी रविवार सकाळ घेतली.

जाहिरात पाहून गिटारवाला अकोल्याला आला. आमच्या शेतावर खाटेवर बसला, मायने चहा दिला. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, "तेव्हा चुकलंच आमचं."

"हो, चुकलं," मी म्हणाले. मला वाटलं होतं की हे ऐकायला मिळालं तर मला खूप काही बोलायचं असेल. काहीच नव्हतं. मी विचारलं की गिटार आणली आहे का. आणली होती. दुसऱ्या भागात मला खाली धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. मी त्याला आठ सूर दिले आणि सांगितलं की नऊ मिनिटं हेच, यात काही घालायचं नाही. त्याने घातलं नाही. त्याने ते इतकं सुंदर, इतकं एकसारखं वाजवलं की मला त्याच्याबद्दल पुन्हा आदर वाटायला लागला.

त्या रविवारी आम्ही पहाटेच अमरावतीत पोचलो. मंच मोकळा ठेवायचं मी ठरवलं होतं. माय टेम्पोभर शेवंती घेऊन हजर. फुलंवाल्याच्या पोरीचा मंच बोडका राहणार नाही, एवढं म्हणून तिने बायांना कामाला लावलं. साडेनऊला मी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर पुढच्या तीन रांगांत दर्यापूरच्या बाई, त्यांच्या मुली आणि आमचे नातेवाईक. बाकी सगळं रिकामं. पावणेदहाला बाहेर आवाज वाढला. जुन्या शहरातून दोन गाड्या भरून लोक आले होते. मग कॉलेजची पोरं, मग अमरावतीतले गाणं ऐकणारे जुने लोक, काठ्या टेकत. नागपूरहून आणि पुण्याहून इंटरनेटवर ऐकलेले काही जण आले होते. दहाला व्यवस्थापक स्वतः येऊन सांगून गेले की वरच्या गॅलरीची कुलपं काढली आहेत.

पहिला भाग मी एकटीने वाजवला, मशीनवर एकेक थर चढवत. दुसऱ्यात गिटार. तिसऱ्यात पारव्यांचा आवाज जिनिंगमधून आणलेला, आणि त्यांच्यावर मी. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. मग मी मशीन बंद केलं, माईकपासून दूर झाले आणि पायाने चार, चार, तीन सुरू केलं.

मागच्या दारांतून ताशा वाजला. सगळं सभागृह मागे वळलं. दोन्ही वाटांनी लाल कोट घातलेली ती अकरा माणसं चालत येत होती, सोनेरी झालरी चमकत होत्या, आणि एवढ्या बंद जागेत त्या पितळेचा आवाज छातीवर आदळत होता. पुढे चाचा, सत्तरी ओलांडलेले, क्लॅरिनेट वर उचललेलं. जुन्या शहरातल्या लोकांनी एकच गलका केला. ते मंचावर चढले, माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि आम्ही मिळून तो शेवटचा भाग वाजवला. मी आयुष्यात इतक्या जोरात फुंकलं नव्हतं. मधेच चाचांनी डावा हात वर केला. सगळा बाजा थांबला. एकटी बासरी उरली. ते आमच्यात ठरलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली: चालू दे.

मी चालू दिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. नाकाने श्वास घेत होते, गालातून सोडत होते, सूर तुटत नव्हता, आणि मला काहीही आठवत नव्हतं, ना गॅरेज, ना कीबोर्ड, ना ते रिकामे चार महिने. फक्त पुढचा सूर. मग चाचांचा हात खाली आला आणि बाजा असा कोसळला की लोक खुर्च्यांवरून उठले ते उठलेच. गाणं संपल्यावरही ते बसले नाहीत. पोरं तालात टाळ्या देत होती, अकराच्या तालात, आणि चुकत नव्हती.

मायला मी मंचावर बोलावलं. ती आली नाही. खालूनच तिने पदराने डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला काहीतरी सांगितलं. नंतर त्या बाईकडून कळलं: "पोरगी कोनाची हाय ते पाहून घे."

दुपारी सभागृहाच्या मागच्या आवारात आम्ही सगळे जेवायला बसलो. बँडवाले लाल कोट काढून बनियनवर, गिटारवाला त्यांच्यात, मायने आणलेल्या भाकरी, ठेचा आणि झुणका. व्यवस्थापकही पान घेऊन बसले. जेवता जेवता त्यांनी डायरी मांडीवर घेतली आणि विचारलं की दिवाळीनंतरचा शनिवार धरून ठेवू का, संध्याकाळचा.

ताशावाले बुवा म्हणाले, धरा. मला कोणी विचारलंच नाही.

आता आम्ही बारा जण फिरतो, सुट्टी मिळाली की गिटारवाला तेरावा. कोल्हापूरला वाजवलं, पुण्याला दोनदा, पुढच्या हिवाळ्यात फिनलंडच्या त्या माणसाने बोलावलं आहे आणि ताशावाल्या बुवांचा पासपोर्ट निघायचा आहे. लगनसराईत बँडला सुट्टी नसते, तेव्हा मी एकटी वाजवते, आणि लगनसराईतच फुलांचंही काम जास्त असतं, म्हणून त्या दिवसांत माझी धावपळ होते. नवी रचना तेरा मात्रांची आहे. चाचांनी ती ऐकली, बोटांवर मोजली आणि ताशावाल्या बुवांना हाक मारून सांगितलं की उद्यापासून भाजीबाजारात जरा लवकर जाऊन बसा.